अक्काच्या सात चिंध्या

ईशान आणि रेवा, तुम्ही पाठवलेला फोटो मी भिंग धरून पाहिला. गुडघ्यापर्यंत बूट, कानांवर टोप्या, हातात फावडी, आणि मागे तुमच्या वस्तीच्या सामाईक बागेतले वीस-पंचवीस लोक, प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघते आहे. खाली ईशानने लिहिलं आहे, ‘आजी, आम्ही रविवारी फुकट काम केलं, वर सूप मिळालं. तू कधी असं केलं आहेस का?’ केलं आहे, बाळा. फुकट काम केलं, वर भरीत मिळालं, आणि त्या भरिताची हकीगत मी आजवर घरात कुणालाही सांगितली नाही. कारण त्यात मी शहाणी ठरत नाही, आणि तुमच्या बाबाला वाढवताना आपण लहानपणापासूनच शहाण्या होतो असं सोंग मला टिकवायचं होतं. आता त्याचे केस माझ्याइतकेच पांढरे झाले आहेत. त्याला कळलं तरी चालेल.

तेव्हा आम्ही धुळ्याला राहत होतो. घरात माझे वडील, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, आई, मी आणि अक्का. अक्का म्हणजे भाऊंची थोरली बहीण, माझी आत्या, पण आळीतली म्हातारी माणसंसुद्धा तिला अक्काच म्हणायची. तरुणपणी नवरा गेला तेव्हापासून ती आमच्याकडे होती. आमचं मूळ गाव रावेरकडे. तिथली जमीन चुलतभावांकडे राहिली आणि भाऊ कचेरीत कारकून झाले. त्यामुळे शेतीचं घराणं कागदावर उरलं होतं, आणि कागदाबाहेर एकट्या अक्कात. पहाटे मला जाग यायची ती तिच्या जात्याने. कळण्याचं पीठ, म्हणजे ज्वारीत अख्खे उडीद घालून दळलेलं, ती रोज ताजं दळायची. जात्याची घरघर थांबली की जिनिंग कारखान्याचा भोंगा वाजायचा, भोंगा थांबला की आई चुलीवर फुंकर मारताना खोकायची, आणि मग भाऊंचा प्रश्न यायचा, ‘माझं उपरणं कुणी पाहिलं का?’ या क्रमात कधी बदल झाला नाही. मला क्रम फार आवडायचा. आजही यादी केल्याशिवाय मला भाजीला जाता येत नाही.

मी इंग्रजी चौथीत, म्हणजे आताच्या आठवीत होते, आणि आळीत इंग्रजी शिकणारी मुलगी मी एकटीच. त्याचा मला किती तोरा होता ते सांगायला नको. आमच्या इंग्रजी वाचनाच्या पुस्तकात एका बागेचं चित्र होतं. दोरी लावून आखलेले वाफे, प्रत्येक वाफ्याच्या टोकाला पाटी, एकही पान वेडंवाकडं नाही. मी ते चित्र इतक्या वेळा पाहिलं होतं की त्या पानाचा कोपरा गळून पडला होता.

युद्धाचे दिवस होते, धान्य मोजून मिळायचं, आणि सरकार सांगत होतं की मोकळी जागा दिसेल तिथे काहीतरी पेरा. पांझरा नदीच्या पाटाला लागून आमच्या आळीमागे एक पडीक तुकडा होता. चौदा घरांनी मिळून तो साफ केला आणि चौदा भाग पाडून घेतले. याचे अध्यक्ष नाना. नाना म्हणजे शेजारचे निवृत्त हेडमास्तर. काळा कोट, धोतर आणि बाराही महिने काखेत छत्री. पावसाळ्यात ते ती कधीकधी उघडायचे, एरवी तिचा उपयोग बोट म्हणून व्हायचा. बागेच्या फाटकावर नानांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात नियम लावला होता: ‘दुसऱ्याच्या वाफ्यातील पान तोडणाऱ्याने सर्वांसमोर कान धरून दहा उठाबशा काढाव्यात. वय, हुद्दा व नाते पाहिले जाणार नाही.’ हा नियम तोवर एका बकरीने मोडला होता, आणि तिला शिक्षा करता आली नव्हती.

आमच्या वाफ्यात अर्धी भेंडी होती आणि अर्धी अक्काची वांगी. ही वांगी साधी नव्हेत. भरिताची, हिरवट पांढरी, हातभर लांब, भाजली की लोण्यासारखी होणारी. त्यांचं बी अक्काला तिच्या आईने लग्नात ओटीत घातलं होतं, आणि तिच्या आईला तिच्या आईने. रावेरला चुलतभावांनी सगळीकडे केळी लावली, वांग्याला कुणी विचारलं नाही, म्हणून ते बी आता फक्त अक्काकडे होतं. अंगणात डालड्याच्या डब्यांत लावूनसुद्धा तिने ते दरवर्षी जगवलं होतं. मागितलं तर मात्र द्यायची नाही. नानांनी तीनदा मागितलं होतं. तिचं उत्तर ठरलेलं, ‘बी लेकीले देतात, नाना, शेजाऱ्याले नाही. शेजाऱ्याले भरीत देतात.’ नानांना चार मुलगे. अक्काला मूलच नव्हतं, त्यामुळे ते बी माझ्या नावाचं होतं. मला त्याची काडीइतकी किंमत नव्हती. त्यातून त्या वर्षी पावसात बियांच्या मडक्याला ओल लागली आणि जुना साठा बुरशीने गेला. उरलं ते झाडावर. अक्काने सात उत्तम वांगी निवडून झाडावरच पिकायला सोडली होती, आणि त्यांना कुणी हात लावू नये म्हणून प्रत्येकाच्या देठाला आपल्या जुन्या लाल लुगड्याची चिंधी बांधली होती. शेतकऱ्याच्या घरात चिंधी बांधलेल्या फळाला लहान मूलही शिवत नाही. पण आमची आळी कारकुनांची, मास्तरांची आणि वकिलांची होती.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी नानांनी सगळ्यांचा कामाचा दिवस ठरवला. पाटातून येणारी चारी गाळाने भरली होती, ती उपसायची, जुनी झाडं काढून वाफे मोकळे करायचे, आणि दुपारी खुद्द मामलेदारसाहेब बाग पाहायला येणार होते. काम पुरुषांनी करायचं, भरीतही त्यांनीच तिथे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर, पऱ्हाट्यांवर भाजायचं, आणि बायकांनी घरून भाकरी, पुऱ्या पाठवायच्या, असा हिवाळ्यातला रिवाज. मी नानांची चिटणीस. आदल्या दिवशी मी वेळापत्रक केलं. सात ते आठ चारी, आठ ते नऊ ‘जुनी झाडे उपटणे’, असं थेट दुपारपर्यंत, लाल शाईने अधोरेखित. चौदा लाकडी पाट्याही रंगवल्या, इंग्रजीतून. मामलेदार सोडले तर त्या कुणाला वाचता येणार आणि कुणाला नाही, याचा विचार मी केला नव्हता.

सकाळी इतकी थंडी होती की पाटाच्या पाण्यातून धूर निघत होता. मी उजाडताच पाट्या घेऊन पोचले. माझ्याआधी तिथे फक्त नाना होते, आमच्याच वाफ्याजवळ, आणि मला पाहून ते उगाचच मोठ्याने खाकरले. ‘पाहणी करत होतो,’ असं म्हणून ते छत्री घट्ट काखेत मारून चारीकडे गेले. मी पाट्या रोवल्या, चार पावलं मागे सरून पाहिलं, आणि माझा जीव खट्टू झाला. सगळी बाग चित्रातल्यासारखी, आणि आमच्याच वाफ्यात चिंध्या लोंबताहेत! मामलेदार काय म्हणतील? चिंध्या कशासाठी आहेत हे मला ठाऊक होतं, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते. पण मला वाटलं, एका दिवसाचा प्रश्न आहे, साहेब गेले की परत बांधू. मी एकेक गाठ सोडली, चिंध्यांच्या व्यवस्थित घड्या केल्या आणि परकराच्या खिशात ठेवल्या. मोजल्या नाहीत. इतक्या व्यवस्थित मुलीने त्या मोजायला हव्या होत्या.

काम सुरू झालं म्हणजे काय, चौदा पुरुष जमले आणि फावडी निघाली तीन. बाकीचे अकरा सूचना देऊ लागले. समोरच्या घरातले आबा वकील बुटांवर चिखल नको म्हणून विटेवर उभे राहून चारीची बाजू मांडत होते. भाऊंनी उत्साहाने पहिलंच फावडं मारलं ते स्वतःच्या उपरण्यावर. आठच्या सुमाराला पाटकरी गोविंदा आला. पाटाचं पाणी कुणाला केव्हा सोडायचं हे तो ठरवायचा. मी त्याला माझं वेळापत्रक दाखवलं, साडेनऊला पाणी. तो कागद उलटा धरून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ‘ताई, पाणी घड्याळ देखीसन येत नही.’ आणि वरच्या अंगाला निघून गेला. नाना मात्र स्वतः गाळ उपसत होते, पण एका हाताने. दुसऱ्या काखेतली छत्री त्यांनी खाली ठेवलीच नाही.

‘नाना, थंडीत छत्री कशाला? दव पडेल म्हणून?’ आबा वकिलांनी विटेवरून विचारलं.

‘शिस्त,’ नाना म्हणाले. ‘तुम्हांला नाही कळायचं.’

मग ‘जुनी झाडे उपटणे’ आलं. मला भेंडीची म्हणायचं होतं, पण कागदावर नुसतं ‘जुनी’ होतं, आणि वकिलांपुढे कागदच खरा. मी चारीवर डोकी मोजत असताना आबा वकील आणि दोन कारकून आमच्या वाफ्यात शिरले. अध्यक्षांनी भरितासाठी सगळ्या वाफ्यांतून वांगी काढायला परवानगी दिली होतीच. त्यांना ती मोठाली, पिवळी पडलेली वांगी दिसली. एका कारकुनाला शंका आली. ‘पिवळी झालीत हो. चालतील का?’ यावर आबा वकिलांनी जो युक्तिवाद केला तो आमच्याकडच्या माणसालाच सुचू शकतो. ‘अहो, केळं पिवळं झालं की गोड होतं का कडू? मग वांग्याने काय घोडं मारलं? हीच तर तयार झालीत!’ त्यांनी वांगी तोडली, झाडं मुळासकट उपटली आणि पऱ्हाट्यांच्या ढिगावर टाकली. मी परत आले तेव्हा जाळ चांगला पेटला होता, आणि वाफा पुस्तकातल्या वाफ्यापेक्षाही मोकळा दिसत होता. भेंडीच काढली असं समजून मी खूश झाले, म्हणजे पाहा.

मामलेदारसाहेब आले. त्यांनी पाट्या वाचल्या, माझं इंग्रजी तपासलं, ‘गुड गर्ल’ म्हणाले. मी तरंगतच चटई अंथरली. पुरुषांनी भाजलेली वांगी सोलून लाकडी बडगीत ठेचली, त्यात भाजलेल्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, वर तेल. वास अप्रतिम होता. पहिला घास साहेबांनी घेतला. ते चावत राहिले. अजून चावत राहिले. त्यांच्या दातांखालचा कुरकुर आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

‘छान आहे,’ साहेब शेवटी म्हणाले. ‘वेगळं आहे. यात तीळ घातलेत का?’

‘घातलेत, साहेब,’ आबा वकील क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले. ‘ही धुळ्याची खास पद्धत.’

मग काय, साहेब खातात म्हणून सगळे खाऊ लागले, आणि साहेब थांबत नाहीत म्हणून कुणी थांबेना. वाळू चावल्यासारखं तोंड करून चौदा माणसं ‘वा’ म्हणत होती. एवढ्यात अक्का भाकऱ्यांची पाटी घेऊन आली. सकाळपासून चुलीपुढे बसून तिचं तोंड लाल झालं होतं. ‘चाखू द्या तर, काय केलं तुम्ही बाप्यांनी,’ म्हणत तिने बोटभर भरीत तोंडात टाकलं. तिचं तोंड हलायचं थांबलं. तिने जिभेवरून काहीतरी काढून तळहातावर घेतलं आणि उन्हात धरलं.

‘हे तीळ नाही,’ ती म्हणाली. ‘हे पिकलेलं बी आहे. कोनतं वांगं भाजलं रे?’

आबा वकिलांनी आपलं ताट हळूच मागे सरकवलं, जणू ताटच त्यांना पकडून देणार होतं. अक्का वाफ्याकडे गेली. तिथे ‘ब्रिंजल’ अशी सुबक पाटी होती आणि तिच्यामागे काहीच नव्हतं. अक्का ओरडेल असं मला वाटलं होतं. ती ओरडली नाही. ती वाफ्याच्या कडेला बसली आणि मातीत हात फिरवू लागली, एखाद्या पाळण्यातलं अंथरूण चाचपावं तसा. ‘माझ्या मायचं बी होतं,’ ती कुणाकडेही न बघता म्हणाली. या गोष्टीत एवढा एकच क्षण आहे ज्याला मला अजून हसू येत नाही.

मी पुढे गेले. खरं तर पळून जावंसं वाटत होतं, पण चिटणीस होते. खिशातून चिंध्यांच्या घड्या काढून तिच्यापुढे धरल्या. ‘अक्का, मी सोडल्या. साहेब येणार होते म्हणून. घाण दिसत होत्या म्हणून.’

‘तुले कोणी सांगितलं वं चिंध्या सोडाले?’

‘कुणी नाही. पुस्तकात तशी नव्हती बाग.’

‘मंग पुस्तकातून काढून दे आता बी,’ ती म्हणाली, आणि चिंध्या मांडीवर एकेक उलगडू लागली. एक, दोन, तीन. सहावीनंतर तिचा हात रिकामा राहिला. तिने माझा खिसा उलटा करून पाहिला. ‘सात बांधल्या होत्या मी. ह्या सहाच आहेत.’

‘मी होत्या तेवढ्या सगळ्या सोडल्या गं.’

‘म्हणजे तू यायच्या आधीच एक वांगं चिंधीसकट गेलं,’ अक्का म्हणाली, आणि उठून उभी राहिली. तिच्या आवाजात जीव आला होता. ‘कोणी नेलं? काही म्हणणार नाही मी. बी जितं असलं तर द्या म्हणते फक्त. बकरीनं खाल्लं म्हणू नका, बकरी वांगं खाते अन् चिंधी टाकून जाते.’

मी नानांकडे पाहिलं, कारण अध्यक्ष म्हणून आता त्यांनी चौकशी करायला हवी होती. नाना फाटकावरच्या स्वतःच्याच नियमाकडे पाहत होते. त्यांचा चेहरा मला नीट आठवतो, गणित चुकल्यावर आमचा व्हायचा तसा. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं, माझ्या परकराच्या उलट्या खिशाकडे पाहिलं. मग घसा साफ केला आणि काखेतली छत्री सगळ्यांपुढे उभी धरून उघडली. त्यातून एक हातभर लांब पिवळं वांगं धप्पकन साहेबांच्या ताटाशेजारी पडलं. देठाला लाल चिंधी तशीच.

‘अरेच्चा,’ साहेब म्हणाले. ‘हे कच्चंच?’

‘ही चोरी मी केली,’ नाना स्पष्ट शब्दांत म्हणाले, शाळेत प्रार्थना सांगत तसे. ‘पहाटे. तीन वेळा मागितलं, मिळालं नाही. मला लेक नाही हो अक्का, चार मुलगे आहेत. हा माझा गुन्हा आहे का?’

‘मुलगे असणं नाही,’ आबा वकील म्हणाले, ‘पण नियम आपलाच आहे, अध्यक्षमहाराज. वय, हुद्दा व नाते…’

‘पाहिले जाणार नाही,’ नाना म्हणाले, कोट काढून भाऊंच्या हातात दिला आणि कान धरले. मला काय झालं कोण जाणे, मीही जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि कान धरले. पानं मी तोडली नव्हती, पण सगळ्या घोटाळ्याची गाठ मीच सोडली होती. अशा रीतीने धुळ्यातले एक निवृत्त हेडमास्तर आणि इंग्रजी चौथीतली एक मुलगी मामलेदारांसमोर उठाबशा काढू लागली. चौदा घरं मोठ्याने मोजत होती. गोविंदा पाटकरी नेमका तेव्हाच परत आला आणि चारीपाशी थबकला. ‘आते मास्तरनी पाळी!’ तो इतक्या आनंदाने ओरडला की हातातलं फावडं पाण्यात पडलं. लहानपणी तो नानांच्याच वर्गात होता आणि तिथे उठाबशांची पाळी त्याची असायची, हे आम्हांला नंतर कळलं. सातव्या बैठकीला नाना खाली गेले ते वर येईनात. गुडघा अडकला होता. मी एका बाजूने आणि साहेबांनी दुसऱ्या बाजूने धरून त्यांना उठवलं.

‘पुरे,’ अक्का म्हणाली. ती पदराआडून हसत होती, आणि तेवढं पाहूनच माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने वांगं छातीशी धरलं होतं. ‘सातवीला सुटलं तुमचं. वांगंही सातवंच वाचलं. चोरलं नसतं तर तेही साहेबांच्या पोटात गेलं असतं.’

गोविंदाने पाणी केव्हा सोडलं ते आमच्या ध्यानातही आलं नाही. ते चारीतून आलं, चटईखालून गेलं आणि साहेबांचे जोडे घेऊन पुढच्या वाफ्यात गेलं. घड्याळ पाहिलं तर साडेनऊला यायचं पाणी पावणेदोनला आलं होतं.

ते वांगं अक्काने आठ दिवस छपराला टांगून ठेवलं, मग फोडून बी धुतलं, राखेत घोळलं आणि वाळवलं. अर्धं तिने एका पुडीत बांधून माझ्या हाताने नानांकडे पाठवलं. मी चकित झाले. ‘पण बी लेकीलाच ना?’ असं मी विचारलं तेव्हा ती पुडीला गाठ मारत म्हणाली, ‘एका घरात ठेवलं अन् एका भरितात गेलं. आता चोराच्या घरीही असू दे. तिथून कोणी चोरणार नाही.’ पुढच्या वर्षीपासून चिंध्या बांधायचं काम माझं झालं. माझी गाठ सुटायची म्हणून ती मला परत परत बांधायला लावायची, आणि मला तेव्हा कळलं की हे काम फळ्यावर शिकवता येत नाही. माझ्या लग्नात अक्काने त्याच सातव्या चिंधीत बी बांधून माझ्या ओटीत घातलं. नानांनी आहेर म्हणून छत्री दिली. सासरच्यांना त्याचा अर्थ शेवटपर्यंत लागला नाही, आणि मी तो सांगितला नाही.

ती बाग पुढे राहिली नाही, त्या जागी घरं झाली. अक्का गेली, नाना गेले, छत्रीच्या काड्या भंगारात गेल्या. पोस्टातला माणूस म्हणतो की परदेशी बी पाठवायला परवानगी लागते, म्हणून या पाकिटात फक्त एक लाल चिंधी आहे, तुमच्या बागेत बियाण्यासाठी राखाल त्या फळाला बांधायला. ती सातवी नाही, बाकीच्या सहांतली आहे. सातवी मी देणार नाही. बी आहे. माझ्या कपाटात राखेच्या डब्यात मूठभर, आणि धुळ्याला नानांच्या नातवाच्या परसात आठ झाडं.